सबनीस काका आणि माझ्या गाडीचा नॉक सेन्सर

सबनीस काका रोज सकाळी बेसमेंटमधल्या पार्किंगमध्ये उतरतात तेव्हा त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो. ते डॉक्टर नाहीत. जनावरांचेही नाहीत. एका मंत्रालयात अवर सचिव होते आणि तिथे त्यांनी जन्मभर फाइली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या. निवृत्त झाल्यावर सरकवायला काही उरलं नाही, म्हणून ते दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या गाड्यांमागे लागले.

कोणी गाडी सुरू करून जरा रेंगाळलं की काका बॉनेट उघडायला लावतात, स्टेथोस्कोपचं टोक इंजिनाला टेकवतात आणि भजनाला बसल्यासारखे डोळे मिटतात. मग म्हणतात, "पेशंट खोटं बोलेल यार, इंजिन नाही बोलणार."

हे सगळं करणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीचं चाकही कधी बदललेलं नाही. चाक पंक्चर झालं की ते गार्डला हाक मारतात आणि बाजूला उभं राहून त्याला सूचना देतात.

माझी चूक एवढीच, की एकदा लिफ्टमध्ये मी बोलून गेले, "गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. फ्लायओव्हर चढताना दमते."

"अच्छा!" काकांचे डोळे लकाकले. "सर्व्हिस सेंटरला नेऊ नकोस. लुटतील. मी बसलोय ना."

पहिल्या दिवशी स्टेथोस्कोप लावून त्यांनी पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचं सांगितलं. मी टाकी संपेपर्यंत थांबले, नवं पेट्रोल भरलं, दिवा तसाच. मग काकांनी स्कॅनर मागवला. काडेपेटीएवढी वस्तू. स्टिअरिंगच्या खाली खोचली की गाडीतली तक्रार मोबाइलवर दिसते. तक्रार नॉक सेन्सरची निघाली.

त्यानंतर मला बेसमेंटमध्ये उभं करून व्याख्यान झालं. नॉक सेन्सर म्हणजे इंजिनाच्या अंगाला बोल्टने घट्ट बसवलेला कान. पेट्रोल अवेळी पेटलं की आत ठकठक होते, ती हा कान ऐकतो आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. कानच बहिरा झाला तर कॉम्प्युटर घाबरून इंजिनाला जपून चालवतो, म्हणून गाडी दमते. हे मात्र खरं होतं. मी नंतर शोधून पाहिलं. काकांचं ज्ञान नेहमी खरंच असतं, फक्त त्याचा उपयोग होत नाही.

"बिल्कुल सेन्सर गेलाय," ते म्हणाले आणि मेट्रोने करोल बागला जाऊन नवा घेऊन आले. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये त्यांच्या देखरेखीखाली तो बसवला गेला. म्हणजे मेकॅनिक काम करत होता आणि काका त्याचा उजेड अडवून उभे होते. दिवा विझला. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर विजयाचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना पालमच्या फ्लायओव्हरवर दिवा पुन्हा लागला.

"नवा सेन्सरच डिफेक्टिव्ह," काका जराही न डगमगता म्हणाले आणि पुन्हा करोल बागला गेले. आणखी एक सेन्सर, आणखी एक फोटो, पुन्हा दिवा.

मग मात्र मी भडकले. "काका, बस झालं. मी उद्या सर्व्हिस सेंटरला नेते."

"उद्या रविवार आहे," ते म्हणाले. "फक्त सकाळ दे मला."

रविवारी चहा घेऊन खाली गेले तर काका बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले होते. मोबाइलवर सेन्सरचे आकडे दिसत होते आणि काका त्याची वायर हळूहळू इकडून तिकडे वाकवत होते. एका जागी वायर वाकली की आकडे धडाधड पडायचे. तिथे उंदराने कुरतडलं होतं. सेन्सर तिन्ही चांगले होते, जुनासुद्धा.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो, वायरिंग बघायला पाहिजे," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून वायरिंग हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

गॅरेजमध्ये वायर नवी जोडून घेतली. "आता टेस्ट ड्राइव्ह," काका पट्टा लावत म्हणाले. "इंजिन गरम पाहिजे, चढ पाहिजे. मी सांगतो तसं चल."

आउटर रिंग रोडवरचे चढ गाडी झकास चढली. दिवा लागला नाही. मी परत वळणार, तेवढ्यात काकांनी डावीकडे मुनिरकाच्या गल्लीत घ्यायला लावलं. स्कूटर, भाजीच्या गाड्या, डोक्यावर लोंबणाऱ्या तारा.

"काका, इथे कसला चढ?"

"इथे थांब जरा."

समोर चार मजल्यांची चिंचोळी इमारत होती. काका तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीकडे बघत होते. स्कॅनर बंद होता.

"आमची शाल्मली राहते तिथे," ते म्हणाले. "पीएचडी करते. तिच्या आईचा फोन घेते. माझा नाही घेत. तिचं काय चुकतंय ते सांगायला गेलो होतो मी. जरा जास्तच सांगितलं."

"मग वर जा ना."

"नको. माझी गाडी ओळखते ती. दिसली की आत जाते. म्हणून तुमच्या गाड्यांतून येतो."

मला काय झालं कोण जाणे, मी हॉर्न दाबला. चांगला लांबलचक. काका घाबरून सीटवरून खाली घसरले, डॅशबोर्डखाली डोकं घातलं. बाल्कनीत एक मुलगी आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. तिने वैतागून माझ्या अनोळखी गाडीकडे पाहिलं, क्षणभर कठड्याला टेकली आणि आत गेली.

"गेली?" खालून आवाज आला.

"गेली."

"बारीक झालीय का गं?"

मी तिला त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

"नाही काका," मी म्हणाले. "छान दिसतेय."