काळी चारचा हट्ट

आमच्या शेजारचे सखाराम आबा कशाच्याही आवाजाची आधी पेटीवरची पट्टी सांगायचे. कुणी विहिरीवर कळशी आपटली, की हे ओसरीवरून बोलणार, "पांढरी दोन. वाईच तडा गेलाय बगा." आणि तडा निघायचा, हीच तर पंचाईत! कामशेतच्या भाताच्या गिरणीत ते इंजिन सांभाळायचे. घरी एकटेच. इंजिनाचा सूर जरा हलला, तर हातातला घास टाकून धावायचे.

एका सुगीनंतर बाजारतळावर तंबूतला सिनेमा आला. मुख्य चित्रपटाआधी दहा मिनिटांचं एक जुनं रीळ दाखवत. एक गायिका, दोन तंबोरे, एक ख्याल. ते लागलं की लोक विडी ओढायला बाहेर. आबा मात्र पहिल्याच दिवशी उभे राहून ऑपरेटरवर डाफरले, "थांबव. बाई काळी चारची हाय. तू पांढरी सहात गाववतूस तिला."

तंबूभर हशा. आबांना घेऊन मीच आलो होतो, त्यामुळे माझी मान खाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तंबूवाल्यानं हात जोडले. "आबा, रीळ आहे ते. त्याला कोण शिकवणार?"

"रिळाचा दोष न्हाई. तुजं जनरेटर पळतंय, म्हून रीळ पळतंय."

परतताना मी वैतागलो. "अर्धा सूर वर गेला तर कुणाचं काय अडतं?"

"माजं अडतं. तो आवाज माज्या कानातनं जाया लागलाय. उद्याच्या खेळानंतर रीळ परत जानार. मग कुटं ऐकू?"

तिसऱ्या दिवशी आबा गिरणीतले पाने घेऊनच आले. आडव्या आलेल्या जनरेटरवाल्याला त्यांनी सरळ बाजूला सारलं. जरा स्क्रू फिरवायचा, कनातीला कान लावायचा. आत गाणं घसरलं, चढलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग आवाज एकदम जागेवर बसला. मी गाण्यातला औरंगजेब, पण मलाही तो भरदार गळा कळला. बाई तान घेण्याआधी पदर खांद्यावर ओढून घेते, हेही तेव्हाच दिसलं. विडीवाले परत येऊन बसले.

आबा तेलकट हातांनी माझ्याशेजारी टेकले.

"आता बरोबर?"

"व्हय." त्यांची नजर पडद्यावरून हलेना. "धाकटी भन माजी. दोन वर्सांमागं वारली. गानं शिकाया घरातनं पळून गेलती. वर्सानं भेटाया आली, तर बानं दार लावलं. तिनं भाइरनं मला हाक मारली, ह्याच आवाजात. मी आत कडीवर हात ठिऊन हुबा."

"मग?"

"काढली न्हाई."