दगडूनाना आणि मोटारीचे डोळे

समोरून मोटार आली की सारं धुळं गाव बाजूला व्हायचं आणि आमचे दगडूनाना तिला आडवे जायचे. हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे! ड्रायव्हर भोंगा वाजवून दमायचा आणि नाना खाली वाकून मोटारीचे पुढचे दिवे न्याहाळत बसायचे. "मोटारना डोया आजारी शे," एवढं सांगून मगच वाट मोकळी करायचे.

नाना माझे शेजारी, जातिवंत तांबट. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मोटारींना विजेचे दिवे आले आणि कार्बाइडवर जळणारे जुने पितळी दिवे अडगळीत गेले. नाना ते हुडकून विकत आणत, पोचे काढत, चिंच लावून लखलखीत करत. आतल्या आरशाला मात्र चिंच लागलेली चालत नसे. मी एकदा हौसेनं मदतीला गेलो आणि आरशाचा पार सत्यानाश केला. मी कचेरीत हेडक्लार्क, पण त्या दिवसापासून नानांच्या लेखी माझी अक्कल संपली.

त्यांच्या ओट्यावर सगळे दिवे जोडीनं मांडलेले. एकच मोठा दिवा एकटा होता. त्याला रोज पुसताना नाना म्हणत, "याना जोडीदार सापडी गया म्हंजे मी मोकया."

आणि एक दिवस तो सापडला! अमळनेरच्या एका मारवाडी शेठजींच्या वखारीत जुनी मोटार पडून होती, तिच्यावर. बातमी ऐकून नाना सदरा उलटा घालूनच माझ्या कचेरीत आले. मी रजेचा अर्जही धड लिहिला नाही. आम्ही अमळनेरला जाणारी सर्व्हिस मोटार गाठली. तिचेही डोळे तपासण्यात अर्धा तास गेला, ते सोडा.

शेठजी दिवा द्यायला लगेच तयार झाले. नानांनी धूळ फुंकली. तोच घाट, तीच कडी! नानांनी पाना लावला, तोच फुटक्या काचेतून एक चिमणी भुर्रकन बाहेर आली. आत काड्यांचं घरटं आणि चोची वासलेली तीन पिलं. शेठजींच्या वृद्ध मातोश्रींनी बजावलं, पिलं उडेपर्यंत दिव्याला हात लावायचा नाही.

झालं, मी म्हटलं, आता नाना भांडणार. दिव्यांपायी ते निम्म्या खानदेशाशी भांडले होते. पण त्यांनी पाना हळूच खाली ठेवला आणि तिथंच मांडी घातली. संध्याकाळी त्यांना अक्षरशः ओढून आणावं लागलं.

पुढं दर दोन दिवसांनी त्यांची अमळनेरची वारी सुरू झाली. परत आले की कुणाला पंख फुटले, कोण अधाशी आहे, हे मला साग्रसंगीत ऐकवायचे. दिव्याचं नावसुद्धा नाही.

अखेर पिलं उडाली आणि दिवा धुळ्याला आला. जोडी बघायला सारी गल्ली ओट्यावर लोटली. पाहतो तर एक दिवा सोन्यासारखा झळकतोय आणि दुसरा तसाच काळाकुट्ट, वळचणीला टांगलेला, आतल्या काड्यांसकट! मला रागच आला. ज्याच्यासाठी इतकी वर्षं वणवण केली, तो दिवा घासलासुद्धा नाही?

नाना वर बघत म्हणाले, "घासेल दिवा देखाले बठ्ठा लोक येतस, भाऊ. राहाले कोनी येत नही."

मी मान वर करून त्या काड्यांकडं बघू लागलो. तेवढ्यात नानांनी आम्हा सगळ्यांना ओट्यावरून खाली उतरवलं. गर्दी बघून चिमण्या बिचकतात म्हणे.