आगटेकाकांची दुधाची पिशवी

आगटेकाका अधूनमधून दुधाची पिशवी मुद्दाम दाराला लटकत ठेवतात. स्वतः आत, दारातल्या भिंगाला डोळा लावून उभे. कोण थांबतं, कोण बेल वाजवतं, कोण नुसतं बघून जिना उतरतं, हे पाहत. दूध नासतं. "नासू दे," म्हणतात, "चाचणीला खर्च येतोच."

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. जन्मभर आरोग्य खात्यात संख्याशास्त्रज्ञ. दवाखान्यांतून तापाच्या रुग्णांचे आकडे येतात, ते वाढले की यंत्रणेला जाग यावी अशी अपेक्षा असते. ती येते का, हे तपासणं काकांचं काम. संगणकावर खऱ्या आकड्यांत डेंगीची खोटी साथ मिसळायची आणि वाट बघायची. "साथ शेवटी सगळ्यांनाच दिसते हो. प्रश्न एवढाच, जाग किती उशिरा आली?" हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीत मठ्ठा उशिरा आला तरी ऐकवतात.

आमचीही पिशवी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. गेल्या रविवारी आम्ही अंमळ जास्तच झोपलो, तर बेल. मग दारावर थापा. उघडलं तर काका, एकाच पायात चप्पल.

"काका, रविवार आहे."

"म्हणजे खोटा इशारा. उत्तम."

माझी सटकली. "लोकांना झोपू तरी द्या. कशाला हे नसते उद्योग?"

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"सुधा गेली त्या दिवशी मी पहाटेच ऑफिसला गेलो होतो. संध्याकाळी आलो, तर पिशवी दाराला तशीच. दिवसभर माणसं जिन्यावरून गेली-आली. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत होती ती."

सुधाकाकूंना मी कधी पाहिलं नाही. आम्ही नंतर राहायला आलो. मला एवढंच सुचलं, "चहा घेता?"

"नको. खोटा इशारा होता," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी त्यांची पिशवी लटकलेली दिसली. भिंगामागे सावली हलली, म्हणजे चाचणी चालू होती. मला ऑफिसला उशीर होत होता. तरी बेल वाजवली.

दार उघडायला त्यांनी जरा वेळ लावला. चष्मा हातात, डोळे लाल.

"काका, किती उशीर झाला?"

"नाही झाला," म्हणाले. "या आत."

त्याच दुधाचा चहा आम्ही दोघांनी घेतला. नासलं नव्हतं.