दीडरावांनी जोड्या लावल्या

“सोप्या मराठीत लिहिलं की माणसं धावत येतात, सर!” असं दीडराव विभागप्रमुखांना छाती फुगवून म्हणाले, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्यांच्या हातातलं पेन काढून घ्यायला हवं होतं.

त्यांचं खरं नाव वेगळं. पण मानसशास्त्र विभागात त्यांच्या माघारी सगळे त्यांना दीडशहाणे म्हणत, आणि फारच माया आली तर दीडराव. माणूस वाईट नव्हता. आपल्याला सगळं कळतं, हा एक समज सोडला तर त्यांना बरंच काही कळत होतं.

विषयही त्यांनी मोठा घेतला होता. माणूस तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत लोकांशी आणि स्वतःच्या मनाशी कसं जुळवून घेतो! त्यासाठी सगळ्या वयाची माणसं हवी होती. विभागाने फाटकावर सूचना लावली होती, ‘सामाजिक व भावनिक समायोजनाच्या आजीवन विकासाचा अभ्यास. सहभागी व्हा.’ ती वाचून एकच गृहस्थ आत आले, आणि तेही स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला. इकडे अनुदानाच्या बाई पाहणीला येण्याची तारीख ठरलेली. माणसं जमली नाहीत तर अनुदान बंद, अनुदान बंद तर दीडरावांची नोकरी बंद, आणि मग जन्मभर सासरेबुवांच्या रंगाच्या दुकानात डबे ढवळायचे. सासरेबुवांनी तर जावयाच्या मापाचा एप्रनसुद्धा शिवून ठेवला होता!

तेव्हा दीडरावांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतःची सूचना लिहिली.

‘जुळत नाही? आम्ही जुळवण्याचा अभ्यास करतो! वय अठरा ते ऐंशी. स्त्री-पुरुष दोघेही. शक्यतो एकट्यांनी यावे. शिक्षण, घरची माणसं आणि स्वभाव पाहून योग्य जोड्या लावल्या जातील. पूर्ण गुप्तता!’

आता तुम्ही यावरून काय समजलात? तेच! वाचणारा प्रत्येक जण तेच समजला. दीडरावांच्या डोक्यातली जोडी म्हणजे एक तरुण आणि एक वयस्कर माणूस. शिक्षण सारखं, घर सारखं, फरक फक्त वयाचा. दोघांनी समोरासमोर बसून आपापली एखादी काळजी बोलायची, आणि कोण स्वतःला कसं सावरतं ते दीडरावांनी टिपायचं. हे सूचनेत कुठे लिहिलंय म्हणता? कुठेच नाही. ते दीडरावांना माहीत होतं, एवढं त्यांना पुरेसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या दारात ही रांग! इस्त्रीचे शर्ट, नव्या चपला, अत्तराचा असा घमघमाट की शिपायाला शिंका आवरेनात. दीडराव एकेकाला आत घेऊन प्रश्न विचारू लागले.

“तुम्हाला राग येतो का?”

“राग? म्हणजे लोकांना येतो तो? छे छे!”

“घरात मतभेद झाले तर?”

“मी लगेच माघार घेतो. मला माघार घ्यायला फार आवडतं!”

व्यायामशाळेतला एक दांडगा मास्तर तर म्हणाला, “माझं कुणाशीही पटतं. सासूशीसुद्धा पटेल. कुणाच्याही!”

संध्याकाळी दीडराव नाचतच विभागप्रमुखांकडे गेले. “सर, क्रांतिकारक निष्कर्ष! आपल्याकडे कुणालाच राग येत नाही!”

सर नुकतेच गाडी लावण्यावरून फाटकावरच्या रखवालदाराशी भांडून आले होते.

त्याच दिवशीच्या रांगेत दातांची एक तरुण डॉक्टरीण होती. तिला हाताला धरून आणलं होतं तिच्या वडिलांनी. त्यांची मोटार चालवायला शिकवण्याची शाळा. दिवसभर “ब्रेक! ब्रेक!” ओरडून त्यांचा आवाज कायमचा वरच्या पट्टीत अडकला होता. आधी त्यांनी स्वतःची उत्तरं दिली (“मी? मी अतिशय शांत आहे!” असं ओरडून), आणि मग लेकीची द्यायलाही दारात उभे राहिले.

“एकटेपणा जाणवतो का?” दीडरावांनी तिला विचारलं.

“जाणवतो! म्हणून तर आणलंय!” दारातून उत्तर आलं.

“बाबा!” डॉक्टरीण म्हणाली. पण तिला हसू आवरत नव्हतं.

शेवटी आले एकाहत्तर वर्षांचे गुरांचे निवृत्त डॉक्टर. केस आदल्या दिवशीच काळे केलेले, थोडा रंग कानालाही लागलेला. ते म्हणाले, “मला एकटंबिकटं काही वाटत नाही हो. मजेत असतो. फक्त एक लिहून घ्या. साठीच्या आतली नको.”

दीडरावांनी लिहून घेतलं. कशाबद्दल, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

जोड्या लावायला बसले, तर काय योग! डॉक्टरीण आणि गुरांचे डॉक्टर, शिक्षण तोडीस तोड, दोघांच्याही घरी माणसं कमी, आणि वयात भलंमोठं अंतर. दीडरावांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी ताबडतोब वडिलांना फोन लावला.

“अभिनंदन! तुमच्या मुलीची जोडी लागली!”

“काय सांगता! अगं, ऐकलंस का? लागली! बरं, मुलगा काय करतो?”

“डॉक्टर आहेत.”

“वा वा! कुठे असतात?”

“आता घरीच. निवृत्त आहेत.”

“वय काय म्हणालात?”

“एकाहत्तर. पण बाकी सगळं तंतोतंत जुळतंय! आणि आमच्या दृष्टीनं अंतर जितकं जास्त तितकं चांगलं. शुक्रवारी दोघांना एका खोलीत बसवू. दार बंद असेल, पण काळजी करू नका, आम्ही काचेमागून बघत असतो!”

पलीकडून आधी काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि मग फोन बंद झाला. रेंज गेली असेल, असं दीडराव मनाशी म्हणाले.

शुक्रवारी अनुदानाच्या बाई आल्या. चष्मा नाकाच्या टोकावर, ओठ घट्ट मिटलेले. बाई काचेमागच्या खुर्चीत बसतात न बसतात तोच जिन्यात आरोळी घुमली.

“कुठाय तो म्हातारा?”

वडील आत घुसले. मागून डॉक्टरीण त्यांचा शर्ट धरून ओढत होती.

“मी इथे आहे,” कोपऱ्यातून गुरांचे डॉक्टर उभे राहिले.

“लाज नाही वाटत?”

“वाटते ना! मी स्पष्ट सांगितलं होतं, साठीच्या आतली नको! ही तर माझ्या नातीएवढी आहे!” आणि दोघेही दीडरावांकडे वळले.

“बाबा, हे लग्नाचं ऑफिस नाहीच,” डॉक्टरीण म्हणाली. “इथे माणसांच्या स्वभावाचा अभ्यास करतात. मला पहिल्याच दिवशी कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही ‘मी शांत आहे’ असं सांगत होतात, बाबा. इतकं छान वाटत होतं ऐकायला!”

काचेमागून अनुदानाच्या बाई बाहेर आल्या. “म्हणजे या सगळ्यांनी स्थळ मिळावं म्हणून उत्तरं दिली? सगळी खोटी?” आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

त्या टोपणाच्या आवाजाने दीडरावांच्या डोळ्यांपुढे रंगाचे डबे दिसू लागले. बुडत्याने धावा करावा तसे ते वडिलांकडे धावले. “तुम्हाला आत्ता राग आलाय का?”

“आलाय!”

“एक ते पाचमध्ये किती?”

“सात!”

“पाचच्या वर नाही हो.”

“मग पाच लिहा, आणि उरलेले दोन तुमच्या डोक्यात घाला!”

दीडरावांनी पाच लिहिले. मग ते गुरांच्या डॉक्टरांकडे वळले. “आणि तुम्हाला... एकटं वाटतं का?”

म्हातारबुवा खाली बसले. “वाटतं,” ते म्हणाले. “ही गेल्यापासून घरात आवाज असावा म्हणून रेडिओ लावतो. बातम्या संपल्या की तो माणूस नमस्कार म्हणतो. मीही त्याला नमस्कार म्हणतो. रोज.”

वडिलांचा आवाज एकदम खालच्या पट्टीत आला. “पाणी घ्या, डॉक्टर,” ते म्हणाले, आणि स्वतःच ओतायला उठले. डॉक्टरीण आपल्या बापाकडे नव्याने ओळख झाल्यासारखी बघत राहिली. मग तिने खुर्ची ओढली, आणि तिघं असे काही बोलत बसले की दीडरावांचे सगळे कागद भरले.

सगळे गेल्यावर अनुदानाच्या बाईंनी मंजुरीचा कागद पुढे ओढला.

“सुरुवात शुद्ध गाढवपणाची होती,” त्या म्हणाल्या. “पण नंतर खरी माणसं दिसली. मंजूर करायला हरकत नाही.”

दीडरावांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, आणि हात तिथेच थांबला.

“ते गुरांचे डॉक्टर. साठीच्या आतली नको म्हणाले ना?”

“हो, मॅडम.”

“बासष्ट चालेल का त्यांना?”

“कशासाठी, मॅडम?”

बाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं की दीडरावांनाही कळलं!

“त्यांचा पत्ता द्या.”

“मॅडम, आमची पूर्ण गुप्तता असते.”

“असं? मग अनुदान मिळालं की नाही, तेही गुप्तच राहू दे.”

दीडरावांनी आयुष्यभर जुळवून घेण्याचा अभ्यास केला होता, आज पहिल्यांदा स्वतः जुळवून घेऊन बघायची वेळ आली होती. “मॅडम,” ते हळूच म्हणाले, “पत्ता मी देऊ शकत नाही. पण त्यांचे गुडघे दुखतात. ते अजून जिन्यातच असतील.”

बाई उठल्या. पर्स घेतली, केसांवरून हात फिरवला आणि बासष्टाव्या वर्षी शोभणार नाही अशा वेगाने दाराबाहेर पडल्या.

दीडरावांनी हुश्श केलं आणि कागद उचलला. सहीची जागा कोरी! पेनसुद्धा बाईंच्याच हातात गेलेलं. ते खिडकीशी धावले. खाली फाटकाशी दोघं उभी होती. बाई हसत होत्या, आणि कुणालाही वर यायची घाई दिसत नव्हती.

इतक्यात विभागप्रमुख सर हात चोळत आत आले. “काय हो? जुळलं का सगळं?”

“जुळलं, सर,” दीडराव कोरा कागद पाठीमागे लपवत म्हणाले. “अनुदान सोडून सगळं.”