ई. एल. जी. साहेबाची बंदूक

घरातली बंदूक फ्रेंच आहे, हे वीरप्पा सरांनी निम्म्या कळंबला सांगून ठेवलं होतं. शाळेच्या प्रदर्शनात ती मांडायची, शेजारी आपण उभं राहायचं आणि माहिती द्यायची, हेही ठरलं होतं. फलकसुद्धा रंगवून तयार होता. जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस, पुराव्याशिवाय बोलत नसे. आणि पुरावा तर नळीवरच होता.

बंदूक सासरची. शांताक्कांचं माहेर मुरूमचं. तिथलं घर नव्यानं बांधायला काढलं तेव्हा भावानं ती बहिणीकडं आणून टाकली. तोंडातून दारू-गोळी ठासायची जुनी चीज, घोडा गंजून कायमचा बसलेला. सरांनी चिंच आणि राख लावून नळी घासली, तर मुळाशी अंड्याच्या आकाराची खूण निघाली. आत ई, एल, जी अशी अक्षरं आणि खाली चांदणी.

सरांनी ताडलं, ही मालकाच्या नावाची अक्षरं. निजामाच्या फौजेतला कुणी फ्रेंच सरदार. शांताक्कांच्या पणजोबांनी त्याला पुरातून ओढून काढलं आणि त्यानं खूश होऊन बंदूक दिली. शांताक्का म्हणाल्या, आमच्या पणजोबांना पोहायला येत नव्हतं. सरांनी पूर काढून टाकला आणि तिथं साप घातला. ई म्हणजे एतिएन, एल म्हणजे लुई, इथवर जमलं होतं. गाडी 'जी' या अक्षरापाशी अडली होती.

आडनावासाठी सरांनी महांतेशला फोटो पाठवले. महांतेश त्यांचा जुना विद्यार्थी, हैदराबादला एका संग्रहालयात जुनी हत्यारं सांभाळणारा. त्याचा लगेच फोन आला.

"सर, तो माणूस नाही. तो ठप्पा आहे."

बेल्जियममध्ये लीज नावाचं शहर आहे, तिथं प्रत्येक नळी तपासून हा ठप्पा मारायचे, अशा बंदुका जगभर गेल्या, असं त्यानं जपून जपून सांगितलं. सरांचा आवाज पडलेला ऐकून त्याला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, नळीत आतून पीळ घातलेल्या खाचा असतील तर मात्र ती साधी बंदूक नव्हे, रायफल. बॅटरी मारून बघा. पण त्याआधी नळीत काठी घाला आणि बाहेरून मापून घ्या. कधीकधी शंभर वर्षं भरलेलीच राहते.

काठी वीतभर अलीकडंच थांबली.

सरांनी पुन्हा मापलं. मग निजलेल्या बाळाला ठेवावं तशी बंदूक गादीवर ठेवली आणि पाठ न दाखवता घराबाहेर आले. शांताक्कांना खुणेनंच बाहेर बोलावलं. त्या तव्यावरची भाकरी उलटूनच आल्या. पंधरा मिनिटांत गल्ली रिकामी झाली आणि समोरची गच्ची भरली.

तेरखेड्याहून बलभीमला बोलावलं. त्याच्या घरात तीन पिढ्या शोभेची दारू होते. त्यानं बंदूक अंगणात आणली, तोंड वाळूच्या ढिगाकडं केलं आणि नळीत पाणी ओतलं. "भिजलेली दारू उडत न्हाय सर. तवर चहा टाका." गच्चीवरून कुणी खाली येईना. शेवटी शांताक्काच उतरल्या.

दोन तासांनी बलभीमनं पिळाची तार आत घालून हळूहळू ओढली. दारू निघाली नाही. मेणकापडाची सुरळी निघाली आणि तिच्या आत कोरडा, पिवळा कागद. गच्चीवरून लोक काय निघालं, काय निघालं म्हणून विचारत होते, म्हणून त्यानं मोठ्यानं वाचलं, "कन्या शांताबाई. जन्म शके अठराशे अठ्ठ्याहत्तर."

सरांनी सवयीनं त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले. एकोणीसशे छप्पन्न. त्यांचा स्वतःचा जन्म साठचा. आणि लग्नात सांगितलं होतं, मुलगी दोन वर्षांनी लहान आहे.

"बाबा म्हणले होते, जाळून टाकली," शांताक्का हळूच म्हणाल्या.

दोन ठिकाणी वयावरून नकार आल्यावर वडिलांनी पत्रिका नाहीशी केली होती. पण लेकीची पत्रिका जाळायला त्यांचा हात धजला नसावा. मुरूमच्या घरात त्या नळीला भीतीपोटी कुणी शिवत नसे, हे त्यांना माहीत होतं.

बलभीमनं नळीत बॅटरी मारली आणि खाचा हायत, रायफलच हाय, असं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. सरांना आठवत होतं, बेचाळीस वर्षं आपण घरात काय म्हणत आलो. तू लहान आहेस, तुला दुनियेचा अनुभव नाही. एकदा नाही, दर आठवड्याला.

फलक खरवडून सरांनी नवा लिहिला: रायफल, लीज, बेल्जियम. त्यात एतिएन नव्हता, सापही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताक्कांनी चहा पुढं ठेवला. सर जरा सावरून बसले.

"तुम्ही घेतला का?"

शांताक्कांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"कुणाला म्हणालाव?"

"तुम्हालाच. वडीलधाऱ्या माणसाला अगंतुगं कसं करायचं?"

शांताक्का रागावल्या की कन्नडवर यायच्या. "एन्री, अहो," त्या म्हणाल्या, "गप चहा प्या. गार व्हायलाय."

सरांनी गप प्यायला. मोठ्यांपुढं काय बोलणार?