बारा संगणक आणि एक जावई

"कुठलंही एक यंत्र बंद करा! अगदी कुठलंही! कुणाला पत्ताही लागणार नाही!" असं म्हणून जावईबापूंनी छाती अशी काही फुगवली, की शर्टाचं दुसरं बटण जीव मुठीत धरून बसलं.

जावईबापू म्हणजे मोठ्या साहेबांचे जावई. राहायचे साहेबांच्या घरात आणि तज्ज्ञ म्हणून मिरवायचे साहेबांच्याच कचेरीत. दोन्हीकडे काम बेताचंच.

या कचेरीत शहरातल्या यच्चयावत इमारतींचे नकाशे होते. पत्र्याच्या कपाटांतल्या रुंद, उथळ कप्प्यांत ते पसरून ठेवलेले असत आणि तीस वर्षं नकाशेबाई त्यांची राखण करत होत्या. त्या काळी कुणी इमारतीचं नाव घ्यायचा अवकाश, बाई कप्पा ओढायच्या, मेणकापडाचा वास सुटायचा आणि दोन मिनिटांत नकाशा हातात! आता सगळे नकाशे तीन मोठ्या यंत्रांत भरले होते आणि टेबलांवरचे संगणक ते तिथून मागवायचे. प्रत्येक नकाशाची प्रत दोन यंत्रांत, म्हणजे एक यंत्र झोपलं तरी काम अडू नये. आज ते सिद्ध झालं, की संध्याकाळी कपाटं भंगारात जाणार होती. बाई सकाळपासून कुणाशी धड बोलल्या नव्हत्या.

साहेबांनी पहिल्याच यंत्राची वायर खसकन उपटली.

बारा टेबलांवरचे बाराही संगणक चालूच राहिले!

"बघितलंत?" जावईबापू अख्ख्या खोलीला म्हणाले.

तिथेच गप्प बसले असते तर! पण तेवढ्यात एका कारकुनाने तोंड उघडलं. "हा नकाशा उघडायला जरा रेंगाळतोय हो."

"बंद करून चालू करा!" जावईबापूंच्या औषधपेटीत सगळ्या दुखण्यांवर ही एकच गोळी असायची.

कारकुनाने बंद करून चालू केला. पडदा कोरा! जोडणी होत नाही म्हणे.

"याच संगणकात खोट आहे. शेजारचा बंद करून चालू करा."

शेजारचाही गेला.

"साथ आलीय! सगळे बंद करून चालू करा!"

आणि जावईबापू टेबलामागून टेबल असे फिरले, की टोळधाड बरी. बघता बघता अकरा धडधाकट संगणक आडवे झाले.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. घरून बायको.

"अहो, स्वयंपाकघरातला नळ भिंतीतून उपटून आलाय! फवारा छताला लागतोय! प्लंबर विचारतोय, बंद करायचा मुख्य नळ कुठे आहे?"

"बाबांना विचारतो, थांब."

"मला काय आठवतंय!" साहेब ओरडले. "घर बांधून पंचवीस वर्षं झाली! नकाशा काढा!"

बाईंचा एकच संगणक जिवंत होता. त्यांनी साहेबांच्या घराचा नकाशा मागवला. तो वरून हळूहळू उमटू लागला.

"थांबा बाई, असा अडखळणारा नको. आधी बंद करून—"

"हात लावू नका! चालतोय तो!"

"चालतोय असं तुम्हाला वाटतं!"

बटण दाबलं. बारावाही कोरा.

"अहो, पाणी दिवाणखान्यात आलं!" फोन किंचाळला.

बाईंनी चष्मा पुसला आणि पडद्यावरची जोडणीची चौकट वाचली. "यात एकच पत्ता लिहिलाय. पहिल्या यंत्राचा."

"बरोबर. तिथे पोचलं, की ते बाकी दोघांचे पत्ते सांगतं."

"आणि तेच बंद असेल तर?"

जावईबापू शर्टाचं दुसरं बटण चाचपू लागले.

"म्हणजे चालू होते त्यांना ते पत्ते आधीच कळले होते. तुम्ही एकेकाला बंद करून ते विसरायला लावलेत."

"मग ते दोन पत्ते लिहा की!" साहेब गरजले.

"लिहिले असते, पण..." जावईबापूंचा आवाज एकदम लहान झाला. "त्यांची यादी मी यंत्रांतच ठेवलीय."

"वायर लावा परत!"

"लावतो. उठून बसायला त्याला वीस मिनिटं लागतात."

"तोवर माझं घर पोहायला लागेल!"

बाई उठल्या. कप्पा ओढला. बोटाने रेघ धरत फोनवर म्हणाल्या, "हे बघ गं, जिन्याखाली डाव्या हाताला फरशीत झाकण आहे. त्याच्या आत चाक आहे, ते फिरवायला सांग." मिनिटभर नुसता पाण्याचा आवाज. मग तोही थांबला. "थांबलं हो बाई!"

दुपारी जावईबापूंनी अहवाल लिहिला, तोही टेचात: 'प्रयोग यशस्वी. एकही नकाशा हरवला नाही.'

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि खाली शेरा मारला: 'कपाटे जागेवरच राहतील. तज्ज्ञांनी आज लवकर घरी जावे. दिवाणखान्यात घोट्यापर्यंत पाणी आहे, सोबत बादली न्यावी.'