गंगीची रेघ

बिरूमामा सकाळी भेटले की नमस्कार करत नाहीत. "थुकी आणलीया, म्याडम!" म्हणतात. एकदा तर बँकेच्या रांगेत म्हणाले.

सोलापूरजवळ जखमी माकडांना सांभाळायचं आमचं केंद्र आहे. मामा तिथले राखणदार, मी प्रयोगशाळेत. मामा मूळचे मंद्रूपचे, निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. माकडांच्या अंगात ताण सांगणारं एक द्रव्य असतं, कॉर्टिसॉल. ते सकाळी चढतं, संध्याकाळपर्यंत उतरतं; ताण फार दिवस राहिला की हा चढ-उतार मोडतो. पण सुई दिसली की माकड घाबरतं आणि सगळंच बिघडतं. म्हणून मामा गुळाच्या पाण्यात भिजवलेली सुती दोरी देतात, माकड ती चघळतं आणि थुंकी आयती मिळते.

पहिल्या आठवड्यात मी कपाळाला हात लावला. नळ्यांवर नंबरच नव्हते! निळा ठिपका, लाल पट्टे, हिरवी फुली. मेंढरांच्या पाठीवर करतात तशा खुणा.

"मामा, नंबर कुठायत?"

"नंबराला तोंड असतंय व्हय? निळा ठिपका म्हंजी गंगी."

मी हट्टाने नंबर घातले. दोन चुका झाल्या, त्या मामांनी शोधल्या.

गंगी म्हातारी आणि चावरी, म्हणून एकटी ठेवलेली. मामांचं म्हणणं, ती झुरतेय, शेजारच्या पिंजऱ्यातल्या चंद्रीला तिच्याजवळ सोडा. केंद्राचे डॉक्टर म्हणाले, "पुरावा द्या, नाहीतर गंगी कायमची एकटी." मामांनी आठ दिवस, दिवसातून चार वेळा दोरी चघळवली. कॉर्टिसॉलची आलेखावर रेघ आली ती सपाट. सकाळ-संध्याकाळ सारखीच.

"थुकी खोटं बोलत न्हाय की, सायेब!"

चंद्री आत गेली. महिन्याने पुन्हा तपासलं, तर रेघ सकाळी झोकात चढलेली, सांजेला उतरलेली. मामांनी पटका हवेत उडवला, मी चक्क ओरडले, डॉक्टरांनी स्वतः चहा सांगितला. असा आनंद आमच्या केंद्रात कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांनी टेबलावर आणखी चार नळ्या ठेवल्या. कसलीच खूण नाही.

"ह्या कुणाच्या?"

"माज्याच की." मामा खिडकीबाहेर बघत होते. "कारभारीन गेल्यापास्नं सकाळ-सांज कळंना झालीया. माजी बी रेघ बगा."

मी नळ्या बाजूला सरकवल्या. म्हटलं, "रेघ बघू मागाहून. आज जेवायला घरी या."

"आदी तपासनी, मग इलाज आसतो की."

"इथं इलाज आधी, मामा."

मामा आले. तीन भाकऱ्या जेवले, माझ्या सासऱ्यांशी मेंढरांच्या जातीवरून कडाक्याचं भांडले आणि पायात वहाणा घालताना म्हणाले, "उंद्या जेवाया येताना दूध मी आनतो."